तिसरी ओळ

गोजरबाई : तसं नगा बगू गुरुजी. आदी हात पुढं करा आन डोळे मिटा. माजा धोंडी काय आणलं की आसंच करायचा न्हवं?

वेणीमाधव : मिटायला कशाला हवेत, गोजरबाई? चष्मा नसला की माझे डोळे मिटल्यासारखेच. तुम्ही समोर बसल्यात, हेसुद्धा आवाजावरून ओळखतोय. प्रभा, अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?

प्रभा : मी कशाला ठेवू? पंचांगात बघा, नाहीतर फडताळात. ह्यांच्या नाकावर सोडून सगळीकडे सापडतो तो. गोजरबाई, गाडी वेळेवर आली वाटतं आज. कुर्डुवाडीला ताटकळत बसावं लागलं नाही ना?

गोजरबाई : न्हाय बाई. माढ्याहून धाकटं पोरगं आलं हुतं सोडायला ठेसनापतूर. ह्यो बगा चष्मा, सतरंजीखाली हाय. थांबा गुरुजी, धुळीनं भरलाय. पदरानं पुसून देते.

वेणीमाधव : हलक्या हातानं हं. काच आहे.

गोजरबाई : व्हय व्हय. धोंडी बी सांगायचा, गुरुजींच्या घरात समदं हलक्या हातानं. हं, आता हात पुढं करा.

वेणीमाधव : हे काय? नाणं? ... हे कुठलं नाणं, गोजरबाई?

गोजरबाई : कुटलं म्हंजी? धोंडीचं की! तेराव्याला तुमीच न्हाय का माज्या वट्यात घातलं? मामाच्या रानात नांगराला लागलेलं. उजेडाकडं धरा की, चष्म्याबिगर बी झळाळी दिसंल.

वेणीमाधव : दिसते. तांबूस दिसतंय.

प्रभा : अगंबाई. गोजरबाई, कशानं घासलंत हे?

गोजरबाई : कशानं म्हंजी? देव उजळताव तशानं. चिंच लावली, राखंनं घासलं, आन काय निगंना तवा विटंचा भुगा. लई चिवट घाण हुती बाई. वरची बाजू धोंडीनं उकरून ठेवलेली, पर खालची निम्मी तशीच हिरवी-काळी. परवा घट बसायचे. आमच्यात गेलेल्या माणसाचा टाक करून देवात ठेवत्यात. म्या म्हणलं, त्याच्याच हातचं नाणं हाय, ह्योच त्याचा टाक. देव समदे चिंचंनं उजळून ठेवले. खंडोबा लखलखीत, आई लखलखीत, सासऱ्याचा टाक लखलखीत, आन माजा धोंडी एकटाच काळा? जिवाला बरं वाटंना बगा.

प्रभा : अहो, ह्यांना मी...

वेणीमाधव : प्रभा, तू चहा टाक.

प्रभा : आधण ठेवलंय केव्हाच. पण चूक माझी आहे. मीच ह्यांच्या मागं लागले होते, गोजरबाई, की ती आई आहे, तिचं तिला द्या. इतकी वर्षं ह्या घरात मला नाण्यांच्या पेटीजवळ चिंच न्यायची बंदी आहे. तांब्या घासा, पळी घासा, ताम्हन घासा, पण नाण्याला हात लावलात तर बघा. आणि तुम्हाला देताना एका शब्दानं सांगायचं सुचलं नाही मला.

गोजरबाई : का? काय झालं? गुरुजी, बिगडलं का काय?

वेणीमाधव : नाही हो. बिघडायचं काय त्यात.

गोजरबाई : मग बाई आशा का बोलत्यात? तुमी गप का हाय? धोंडी बी तुमच्यासारकाच, वंगाळ काय सांगायचं आसलं की आदी गप व्हायचा. सांगा मला. चोरून ठिवू नगा. पोरगं गेल्यालं ऐकलं म्या, त्यापरास वंगाळ काय आसणार?

वेणीमाधव : ऐका मग. जुनं तांबं मातीत पडलं की त्यावर एक साल चढते. आपल्याला ती घाण वाटते. पण खालचा धातू झिजून भुसभुशीत झालेला असतो. अक्षरं उरलेली असतात ती त्या सालीतच. म्हणून घासायचं नाही कधी. गाळलेल्या पावसाच्या पाण्यात भिजवायचं, मग गोड्या तेलात ठेवून द्यायचं, महिनोन्महिने. फुगून सुटेल तेवढंच बोरूच्या काडीनं उचलायचं. कडेला धरायचं, तोंडावर बोट नाही.

गोजरबाई : आन म्या विटंनं घासलं.

वेणीमाधव : तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

गोजरबाई : पर त्याला तर ठावं हुतं न्हवं? त्याला कसं जमायचं वो? कारखान्यात त्याचा हात लोखंडावर. घरी घागर उचलली तरी चेपायचा.

वेणीमाधव : पहिल्या रविवारी त्यानं खिशातून काचकागद काढला. म्हणाला, गुरुजी, दोन हात मारतो, राजा आपोआप बाहेर येतो. असा ओरडलो मी त्याच्यावर, की शेजारचे दारात आले.

प्रभा : आणि तो हसत बसला. मग जेवायला वाढलं, तर म्हणतो, काकू, भाताला हात लावू का, का तोही तेलात ठेवायचा?

गोजरबाई : आसाच हुता मेला.

वेणीमाधव : पण शिकला. माझा हात कापतो, गोजरबाई. काडी धरली की ती नाण्यावर नाचते. धोंडीनं धरली की श्वाससुद्धा रोखून बसायचा. दर रविवारी यायचा कुर्डुवाडीहून, एवढंसं काम करायचा आणि परत तेलात. आधी ‘श्री’ निघाला. पुढच्या उन्हाळ्यात ‘राजा’. त्याच्याखाली अजून एक ओळ होती, ती झाकलेलीच.

गोजरबाई : आखाडात ताप आला न्हवं त्याला.

वेणीमाधव : हो. मग मी ते नाणं तेलातून काढलं आणि पुसून ठेवलं. दुसऱ्या कुणाला द्यावंसं वाटेना. जिथं त्याचा हात थांबला होता ना, तिथं बारीकशी कड होती. इकडे उघडं, तिकडे झाकलेलं. तेराव्यापर्यंत रोज मी अंगठा फिरवायचो तिच्यावरून.

गोजरबाई : ती कड म्या काडली.

वेणीमाधव : असू द्या.

गोजरबाई : आसू द्या कसं, गुरुजी? ऱ्हायलं काय त्याचं? कारखान्यातली कापडं त्याच्या भावानं वाटून टाकली. हातातली काठी त्याच्यासंगं सरणावर जळाली. एवढीच कड ऱ्हायली हुती, आन ती म्या घाण म्हणून काडली. माज्याच हातानं.

प्रभा : असं मनाला लावून घेऊ नका, गोजरबाई.

गोजरबाई : तुमाला सांगते बाई, घासताना बोटाला लागत हुतं काय तरी. उंच-खाली, उंच-खाली. मला वाटलं, आलं, अक्षर आलं वर. आजून जोर लावला. मग लागायचं बंद झालं. तवाच वाटलं, गेलं ते अक्षर. पर म्हणलं, आपुन अडाणी, आपल्या बोटाला काय कळतंय? गुरुजींना दिसंल. म्हणून तर घट बसायच्या आदी धावत आले.

(स्वयंपाकघरात आधण उकळतंय, पण प्रभा जागची उठत नाही.)

गोजरबाई : गुरुजी, तुमची त्याची पैज लागली हुती न्हवं? तिसऱ्या वळीची.

वेणीमाधव : तुम्हाला सांगितलं होतं त्यानं?

गोजरबाई : तापात बी तेच. आये, गुरुजी म्हणत्यात ‘शिव’ आसंल, म्या म्हणतो ‘राम’ हाय. म्या हारलो तर गुरुजींच्या समद्या पेट्या पुसून देणार. आन गुरुजी हारले तर आपल्या घरी भाकरी खायला येणार. म्या म्हणलं, येडा का खुळा तू? ती बामणाची माणसं, आपल्या हातची भाकरी कशी खातील? तर म्हणतो, पैज म्हंजी पैज.

प्रभा : मला मात्र ह्यांनी ह्यातलं काही सांगितलं नाही.

वेणीमाधव : तू सोवळ्यात होतीस त्या दिवशी. आणि मला खात्री होती ना मी जिंकणार ह्याची. असल्या बहुतेक नाण्यांवर ‘राजा’खाली ‘शिव’च असतं. ‘राम’ क्वचित एखाद्यावर. पण तो हट्टी. म्हणायचा, माझ्या मामाच्या रानातलं नाणं, मला ठाऊक.

गोजरबाई : मला एवढंच सांगा. त्याला देवात बसवायचं हाय परवा. काय निगालं ते सांगितल्याबिगर कसं बसवू? त्यो इचारंल की मला. आये, मग कोण जिंकलं?

वेणीमाधव : द्या इकडे. खिडकीशी धरतो.

गोजरबाई : हाय का काय? का समदंच गेलं? गेलं आसंल तर गेलं म्हणा.

वेणीमाधव : थांबा. असं तिरपं धरलं की उन्हात दिसतं.

गोजरबाई : काय दिसतंय?

वेणीमाधव : राम.

गोजरबाई : नीट बगितलं?

वेणीमाधव : बघितलं. इथं ‘रा’, आणि हा त्याच्या अंगाला लागून ‘म’. थोडा झिजलाय, पण आहे. धोंडी जिंकला, गोजरबाई. मी हरलो. घट उठले की भाकरी खायला येतो.

प्रभा : मीही येईन ह्यांच्याबरोबर.

गोजरबाई : तुमी बी? मग शेंगाची चटणी करते. त्याला लई आवडायची.

वेणीमाधव : करा. हे घ्या नाणं. कापसात ठेवा. आणि ह्याला आता काही लावू नका हं, पाणीसुद्धा नको.

गोजरबाई : न्हाय लावत. गुरुजी...

वेणीमाधव : काय?

गोजरबाई : तुमचा चष्मा आजून माज्या पदरातच हाय.

वेणीमाधव : (डोळ्यांकडे हात नेतो.)

गोजरबाई : ऱ्हाऊ द्या. न लावताच आणखी एकडाव वाचा.