गोळ्यांची अदलाबदल

(सोमवारची संध्याकाळ. काळाचौकीतल्या चाळीतली खोली. गिरण्यांच्या संपाला सहा वर्षं झालीत.)

भिवा : एकशे तीस-ऐंशी! बघ लहू, पंधरा दिवस तुझी पांढरी गोळी खाल्ली, तरी माझं प्रेशर तस्संच. कंपाउंडरने दोनदा मोजलं.

लहू : आणि तुझी गुलाबी खाऊन माझं एकशे ऐंशी! बोगस गोळी तुझी.

भिवा : बोगस कशी? तीच खाऊन दोन वर्षं ठणठणीत आहे मी.

दमयंती : थांबा जरा. कोणी कोणाची गोळी खाल्ली?

लहू : तू चाय टाक गो.

दमयंती : चाय गेली खड्ड्यात. भावोजी, तुम्ही सांगा.

भिवा : वहिनी, कुठली गोळी जोरदार ते बघत होतो. गिरणीत मागावर कापड खराब निघालं की हा म्हणायचा, साचा खराब. वरचा जॉबर म्हणायचा, साचेवाला खराब. मग जॉबर दोघा साचेवाल्यांची अदलाबदल करायचा. नव्या साच्यावर पण ह्याचं कापड खराब निघालं, तर...

दमयंती : तर खोट साचेवाल्यात. म्हणजे गोळ्या दोन्ही चांगल्या, आमचाच माणूस बाद.

लहू : झालं! माझ्यावरच आलं.

दमयंती : आणि डॉक्टरला न विचारता दुसऱ्याच्या गोळ्या? अक्कल काय गिरणीच्या गेटवर ठेवून आलात दोघं? तीनदा तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं. दर वेळी तेच, प्रेशर उतरवून या. परवा शेजारच्या गंगुबाईला मी समजून विचारलंत, माझा लेंगा कुठे गो!

लहू : तिने बरोबर सांगितलं. दोरीवरच होता.

भिवा : लहू, खरं सांग. गोळी चुकवलीस?

लहू : छ्या! फक्त आठवड्याची सुट्टी.

भिवा : कुणाला?

लहू : गोळीला. माणसाला असते, मशीनला असते, गोळीने काय पाप केलं? शनिवार-रविवार बंद.

भिवा : आपल्याला एकच दिवस सुट्टी होती. हा शनिवार कुठून काढलास?

दमयंती : मी सांगते कुठून. हॉस्पिटलात तपासणी दर वेळी सोमवारी असते. होय ना हो?

लहू : चाय राहिली गो.

दमयंती : बोला की आता!

लहू : भीती वाटते गो. डोळ्यात सुरी घालणार ते.

भिवा : अरे, मोर्च्यात लाठ्या खाल्ल्यास तेव्हा नाही घाबरलास!

लहू : तेव्हा हजार माणसं होती बरोबर. टेबलावर मी एकटाच.

दमयंती : मग मला सांगायचं होतं. मी इथे रोज देवाला हात जोडतेय आणि हे सुट्ट्या वाटतायत! उद्या पहिलं डॉक्टरकडे जाऊन सगळं खरं सांगायचं. भावोजी, तुम्हीसुद्धा.

भिवा : मी कशाला? माझं एकशे तीस-ऐंशी...

दमयंती : चला म्हटलं ना!

भिवा : येतो, वहिनी.

लहू : दमयंती, ऑपरेशनला तू आत येशील?

दमयंती : आत नाही घेत कुणाला. दाराशी उभी राहीन.

लहू : बाहेर आणतील तेव्हा अगदी समोर राहा.

दमयंती : पट्टी असेल तुमच्या डोळ्यावर.

लहू : एकाच डोळ्यावर गो. दुसऱ्याने, जवळ आलीस तर दिसशील.