बेंगळूरचा रूममेट

बेंगळूरचं नाव काढलंसा म्हणून सांगतो. बेळगावात फर्स्ट इयरला असताना माझा रूममेट बेंगळूरचा होता. म्हणजे तो तसं सांगायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मराठी? नो आयडिया." मी मेसमध्ये "भात लई नको" म्हटलं, की हा पोरांकडं बघून हसायचा. मराठी येत नव्हती, पण नेमकं कुठं हसायचं ते बरोब्बर कळायचं. शेवटी मी वर्गात शंका विचारायचंबी सोडलं.

एका शनिवारी आत्याकडं जायला बेळगावजवळच्याच जांबोटी गावाची बस धरली. बघतो तर पुढच्या सीटवर हाच, तोंडाला रुमाल बांधून. कंडक्टरनं त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"काय रं बाळू, आप्पाची म्हस व्याली म्हणं?"

रुमाल खाली करून हा म्हणतो, "व्हय की अण्णा, रेडकू झालंय. खरवस खायालाच निघालोय."

मी मागं बसून सगळं ऐकलं. सोमवारी मेसमध्ये सगळी पोरं जेवायला बसली, तवा निवांत विचारलं,

"बाळू, बेंगळूरच्या म्हशीचा खरवस आमच्यासाठी आणलास न्हवं?"