कादंबरीतले अब्बा

निगडीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन मैत्रिणी उभ्या होत्या.

"फरहीन, पुस्तक आलं म्हणे! पेढे कुठायत?"

"अब्बांनी वाटले की कासारवाडीभर."

"तीच ना गं, बाप मुलीला स्कूटर शिकवतो ती कादंबरी?"

"होती. प्रकाशक म्हणाले, हे मुसलमानाचं घर वाटत नाही. बाप जरा मारकुटा करा, बाकी छान आहे."

"आणि तू केलास?"

"दुसरं कुणी छापतच नव्हतं, स्वरूपा."

"अगं, अब्बांनी तुझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही!"

"प्रकाशक म्हणाले, आता खरं वाटतं."

"अब्बांना मराठी वाचता येतं?"

"मला त्यांनीच शिकवलं. आज सकाळी चष्मा पुसून वाचायला बसलेत."

"...चल, कासारवाडीची बस आली."

"तू जा. मी पुढच्या बसने येते."