खाली बघू नकोस

— नाही नाही, तो कतायफचा डबा आधी परत घ्या, उम्म लुजैन. रोजा आहे म्हणून नाही हो, इफ्तारला खाल्लं असतं की मी, तुमच्या हातचं गोड — पण नको. बसा जरा. डॉक्टर म्हणाले ना सकाळी, लुजैनचं ऑपरेशन नको, टाच टेकायला लागलीय पोरीची? माहितीय मला. चाल मोजायच्या माझ्याच यंत्राच्या पडद्यावर बघून म्हणाले ते. काड्यांचं माणूस चालतं ना, त्याच्या पावलातून लाल बाण वर येतो — पायाचा जोर कुठे पडतो ते दाखवणारा. चवड्यांवर चालणाऱ्या पोरीचा बाण बोटांकडून निघतो. तुमच्या लुजैनचा टाचेतून निघाला. इतका सुंदर बाण, की... जाऊ दे.

जाऊ दे कसं? परवा आठवतंय? अंगभर ते कॅमेऱ्यांना दिसणारे चमकते गोळे चिकटवून पोरगी इकडून तिकडे चालतेय, चालतेय, आणि पाऊल काही पाटावर पडेना. जोर मोजणारा पाट फरशीत बसवलाय, वर तसलीच फरशी, मुद्दाम — चालणाऱ्याला कळू नये म्हणून. पाऊल अर्धं बाहेर पडलं की फेरी फुकट. तुम्ही त्या खिडकीपाशी जपमाळ ओढत होतात. इफ्तार जवळ आलेली, माझ्या घरी सासूबाई, माझ्या नवऱ्याचा फोनवर फोन — 'सुहैर, मसुरीचं सूप काय मी करू?' — करायला काय झालं होतं, हात मोडले होते त्याचे? — आणि मी वाकले, लुजैनच्या कानात म्हटलं, 'ती तडा गेलेली फरशी दिसते? तिच्यावर पाय ठेव, बाळा. सगळा.' एवढंच. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात, पाट दाखवायचा नाही. दाखवला की माणूस चालत नाही, नेम धरतो. गुणी तुमची पोर. ओठ चावून, श्वास रोखून तिनं टाच दाबली. मी 'छान' म्हटलं. तेवढी फेरी ठेवली, बाकीच्या पुसल्या.

अल्लाची मर्जी कसली हो, घाई माझी होती! आत्ता दारातून आलात तेव्हा तिचे पायच बघत होते मी. तुम्ही डबा घेऊन हसत पुढे, आणि ती मागे — चवड्यांवर. ऑपरेशन राहिलं तर पाय आखडतच जाणार, वाढतं वय आहे. रडू नका ना. मला शिव्या द्या, पण रडू नका. डॉक्टरांना मी सांगते, माझ्या तोंडानं. नोकरीचं बघू काय होतं ते.

हो, पुन्हा करायचं. आत्ताच. होऊ दे अजान झाली तर, खजूर आहेत पर्समध्ये. लुजैन, ये गं, मोजे काढ. गोळे लावू दे... हं. आता ती फरशी विसर. उम्म लुजैन, तुम्ही त्या टोकाला उभ्या राहा, हात पसरा. हसा थोडं, तिच्यासाठी. चल बाळा, आईकडे. खाली बघू नकोस. जशी घरी चालतेस ना, तशी — हं — हं — खाली नाही गं —

पुन्हा त्याच फरशीवर. पुन्हा टाच दाबलीस तू.

नको गं अशी माझ्याकडे बघून हसूस.