चर्चच्या लॉनवरचा शुभेच्छुक

या कार्यक्रमाच्या सन्माननीय अध्यक्ष शोभनामावशी, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या मंडळाचे मावळते प्रेसिडेंट चंद्रशेखरकाका, त्यांच्या सौ. वसुधाकाकू, दरवर्षी गणपतीला आपल्याला हा हॉल देणाऱ्या या चर्चच्या पास्टर रूथ, समोर बसलेले सगळे काका, काकू, मावश्या, आणि मागे पाणीपुरीच्या लायनीतून जे हलायला तयार नाहीत ते सुद्धा, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी मृणालिनी. पद्मिनीची मुलगी. मागे आवाज येत नसेल तर सांगा, पण जोरात सांगू नका, मी घाबरते. चार माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही हे इथे कोणाला माहीत नाही? मग मीच का उभी? तर वसुधाकाकूंना नव्या पिढीतलं कोणीतरी मराठीत बोलायला हवं होतं, आणि देवांग, सिया इंग्लिश अक्षरांत लिहून दिलं तरी अडखळतात. मी दहा वर्षांची होऊन नागपूरहून इकडे परदेशात आले, म्हणून मराठी टिकलं. शाळा नाही टिकली. अकरावीत सोडली. का सोडली, ते तुमचं सगळ्यांचं घरून डबे आणून केलेल्या पॉटलकमध्ये बोलून झालंय, मी परत काढत नाही.

काकांचे चार गुण सांग, असं मला सांगितलंय. सांगते.

काका सकाळी फार लवकर उठतात. गेल्या सप्टेंबरात, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, सहा वाजून दहा मिनिटांनी मला त्यांचा मेसेज आला. फोन आणलाय, वाचूनच दाखवते. ‘मृणाल, किचनच्या मागच्या दाराशी बॅनर आणि पाट्या ठेवल्यात. सातच्या आत चर्चच्या लॉनवर लाव. पास्टरशी माझं बोलणं झालंय.’

तेव्हा मी या चर्चमध्ये कामाला होते. हॉल उघडायचा, व्हॅक्यूम करायचा, खुर्च्या लावायच्या. सगळ्या दारांच्या किल्ल्या माझ्याकडे. शाळा सोडलेल्या मुलीच्या हातात पास्टर रूथनी किल्ल्या दिल्या होत्या. मला त्या खिशात वाजल्या तरी बरं वाटायचं.

बॅनर उघडला. मधे गणपती, आणि गणपतीपेक्षा मोठा आपला ओजसदादा, हात जोडून. ‘गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक, ओजस.’ ओजसदादा म्हणजे काकांचा मुलगा, तेव्हा निवडणुकीला उभा होता. मी काकांना फोन केला.

“काका, हे इलेक्शनचं आहे ना?”

“अगं वेडाबाई, इलेक्शनचं कुठे? शुभेच्छा आहेत. आपल्याकडे मंडपाबाहेर बॅनर नसतो का? त्यावर शुभेच्छुकाचा फोटो नसतो का?”

“पण खाली ‘व्होट’ लिहिलंय.”

“ते प्रिंटिंगवाल्याने टाकलं असेल. लाव तू.”

पाट्या अठरा होत्या. त्यांच्यावर गणपती पण नव्हता, नुसता ओजसदादा. मी ओल्या गवतात एकेका पाटीची तार खुपसत गेले. काकांनी पास्टरशी बोललोय म्हटलंय, मग काका खोटं कशाला बोलतील? असं मला वाटलं. हसू नका, तेव्हा खरंच वाटलं.

दहाच्या आत रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी फोटो काढून नेटवर टाकला. ओजसदादाचे जोडलेले हात आणि बरोबर डोक्यावर चर्चचा क्रॉस. खाली लिहिलं, हे चर्च आता उमेदवार पण देतं का? दुपारपर्यंत पास्टरना चाळीस फोन. या चर्चला टॅक्स माफ आहे, म्हणून कोणा एकाची बाजू घेता येत नाही, आणि तेवढंच नाही. पास्टर रूथचा सख्खा भाऊ एकदा उभा होता, त्याचीसुद्धा पाटी त्यांनी इथे लावू दिली नव्हती. इथे येणाऱ्याने मत कोणाला द्यायचं ते आम्ही सांगायचं नाही, असं त्यांनी मला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

शोभनामावशी, चिठ्ठी मिळाली. वेळ संपली, बरोबर. काकांचा शेवटचा गुण राहिलाय, तो सांगते आणि थांबते. काकू, पाणी नको मला, बसा तुम्ही.

काकांना पार्किंग लॉटमध्ये फार छान बोलता येतं. संध्याकाळी मला तिथे गाठून म्हणाले, “मृणाल, माझं नाव आलं तर मंडळाचा हॉल जाईल. दीडशे घरांचा गणपती कुठे न्यायचा? तू गप्प राहा. इलेक्शन झालं की मी स्वतः पास्टरना सगळं सांगतो.” मग आम्ही ऑफिसात गेलो. पास्टर रूथनी मला विचारलं, तुला हे कोणी लावायला सांगितलं का? मी काकांकडे बघितलं. काका इंग्लिशमध्ये म्हणाले, “मुलगी चांगली आहे हो, पण शाळा सोडलेली. तिला काय कळणार? आम्हाला तर काहीच माहीत नव्हतं.”

मी गप्प बसले. मला तेवढं एकच चांगलं येतं.

किल्ल्या मी टेबलावर ठेवल्या. आई त्या दिवसापासून मंडळात आली नाही, आज पण नाही आली. इलेक्शन होऊन गेलं, ओजसदादा पडला, काका दिवाळीला म्हणाले संक्रांतीला सांगतो, संक्रांतीला म्हणाले घाई काय आहे. आणि परवा रविवारी काका हे गाव सोडून कायमचे लांब प्लेनोला राहायला चालले.

आता शाल. ती पास्टर रूथच्या हातून घालायची आहे. त्या मघापासून माझ्याकडे बघून हसतायत. त्यांना मराठी कळत नाही, त्यांना वाटतंय मी काकांचं कौतुक करतेय. मी त्यांना स्वतः जाऊन सांगितलं असतं, तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले पण होते. पण शाळा सोडलेल्या मुलीने सांगितलं तर तो बहाणा होतो. प्रेसिडेंटनी सांगितलं तर ते खरं असतं. हे मी त्या ऑफिसात शिकले.

मला बोलायची संधी दिली म्हणून वसुधाकाकूंचे आभार. काकू, तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, ते मला कळतंय. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. पहिल्यांदाच बोलले, काही कमीजास्त झालं असेल तर लहान समजून सांभाळून घ्या. हे मी काकांना म्हणत नाहीये.

काका, हा माइक धरा. मी आत्ता जे बोलले ते पास्टर रूथना इंग्लिशमध्ये सांगा. सावकाश सांगा, मी इथेच उभी आहे. एक वाक्य जरी गाळलंत, तरी मी थांबवीन.