बाथरूमचं दार

"काकू, माणसानं एका वेळी एकच काम हातात घ्यावं. आजपासून आपला हा नेम!"

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी कान टवकारले. एका बाजूला सुतार होता, दुसऱ्या बाजूला त्याच्या गिऱ्हाईक काकू.

"देव पावला! मग आमच्या बाथरूमचं दार?"

"ते तर पहिलं. आधी फक्त एका पाळण्याचा दांडा बसवतो, राहिलाय."

"बाळ केवढं आहे?"

"शाळेत जातं."

"अरे मेल्या, संध्याकाळी जावई येतोय! महिनाभर आम्ही आत गेलो की मोठमोठ्यानं गाणी म्हणतोय. आता त्यालाही गायला लावू?"

"बरं, पाळणा रद्द."

"आणि दिवसभर खणखणणारा तो फोन?"

"हा बघा, बंद केला. दात दाखवला की थेट तुमच्याकडे. दार बसेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावणार नाही."

"शपथ?"

"तुमच्या गळ्याची!"

पोस्टमास्तरांना भरून आलं. दुखरी दाढही क्षणभर गप्प बसली. काकूंचा आवाज तर लोण्यासारखा मऊ झाला.

"गुणाचा गं बाई माझा! येतोच आहेस तर माळ्याची फळीपण बघशील का जरा? पाच मिनिटांचं काम आहे."