तिसऱ्या ओळीच्या आधी

चिमणी : दादा, गाडी बंद कर. खाली उतर आधी.

दादा : वा! सकाळी सगळ्या बँडसमोर माझ्याविरुद्ध मताचा हात वर करून सख्ख्या भावाला ड्रमवरून उठवलंस. आता गाडीतूनही उठवतेस? घरी तरी जाऊ दे.

चिमणी : अरे, अर्ध्या तासात आपण स्टेजवर. मैदान बघ कसं भरलंय.

दादा : आपण नाही, तुम्ही. तुमच्याकडे ड्रम वाजवणारं यंत्र आहे. ते घाम गाळत नाही, दोन माणसांचं जेवत नाही, दिसेल त्यावर बडवत बसत नाही. रेकॉर्ड कंपनीचे साहेब काय म्हणाले? ‘ड्रमरचा ताल हलतो.’ आज रेकॉर्डिंग आहे, हलता ताल चालायचा नाही. संपलं.

चिमणी : आत्ता त्या यंत्रावर गाऊन बघितलं. माझी फजिती झाली. तिसऱ्या ओळीला श्वासच पुरेना. परत घेतलं, परत तेच. घसा गेला म्हणून रडायला लागले मी. मग यानं आपलं जुनं रेकॉर्डिंग लावलं. तू सांग रे.

गिटारवाला : तिसऱ्या ओळीच्या आधी ड्रम थांबतो. किंचित. गाणं कुठलंही असो.

दादा : हलतो म्हण. साहेबांचा शब्द आहे.

गिटारवाला : हलत नाही. वाट बघतो. मला इतकी वर्षं वाटायचं, मी थांबतो म्हणून तू थांबतोस.

दादा : गिटारवाल्यांना सगळं असंच वाटतं.

चिमणी : चेष्टा पुरे. मुद्दाम करायचास ना? स्टिअरिंगवर बोटं वाजवू नकोस, उत्तर दे.

दादा : लोकांना तुझं तोंड दिसतं, चिमणे. मला पाठ दिसते. श्वास घ्यायचा असला की तुझे खांदे वर येतात. ते खाली आले की मी हाणतो. त्यात काय मोठंसं?

चिमणी : आणि मी गावभर सांगत फिरते, लहानपणीचा दमा गेला, छाती कशी ठणठणीत!

दादा : गाताना असतेच की.

चिमणी : मग सकाळी का नाही बोललास? साहेब तुला नको नको ते बोलत होते, मी मूर्खासारखा हात वर केला, आणि तू खुशाल केळं खात होतास.

दादा : भूक लागली होती. आणि काय बोलणार? त्यांच्यासमोर तुझा दमा काढू? त्यांनी तुलाच नको म्हटलं असतं. एवढ्या वर्षांनी कुणीतरी दारात आलंय. म्हटलं, माझी खुर्ची जाते तर जाऊ दे.

चिमणी : निदान मला तरी सांगायचंस.

दादा : सांगितलं असतं तर गाता गाता माझ्याकडे वळून बघत बसली असतीस. धास्ती घेऊन गाता येतं का कुणाला?

चिमणी : मला तुझा भयंकर राग आलाय. आणि आनंदही तेवढाच झालाय.

गिटारवाला : यंत्राची वायर मी गुंडाळून ठेवली.

दादा : आणि साहेब?

चिमणी : त्यांना मीच सांगितलं. दमा आहे, यंत्रावर गाता येत नाही, भावाच्या तालावर येतं. घ्यायचं तर दोघांना घ्या.

दादा : डोकं फिरलंय का तुझं? काय म्हणाले?

चिमणी : ऐकून ठरवतो म्हणाले. पहिल्या रांगेत बसलेत.

दादा : बाप रे. अगं, मग उभी काय राहिलीस? मागचं दार उघड. हा मोठा ड्रम तू धर रे तिकडून. झांजा तू घे, चिमणे. आपटू नकोस, बँडच्या फोटोत माझं तेवढंच येतं.

(तिघं सामान घेऊन मागच्या जिन्यानं स्टेजवर चढतात. ड्रम मांडून होतात. पडद्यापलीकडचा गलका वाढत जातो.)

चिमणी : दादा, आता मला कळलंय. गाताना मागे वळून बघितलं तर?

दादा : काडी फेकून मारीन. समोर बघायचं.

गिटारवाला : दिवे लागले.

चिमणी : चल, मोज चार.

दादा : मोजतो. आधी श्वास घे.